टाळूवरून जवळ पडतं

मान सरळ, मास्तर. हां — तर हा तुमचा उजवा कान, त्याच्या चार बोटं वर आपला विमानतळ. आणि इकडं डाव्या कानाच्या वर लेकीच्या गावचा. आता अंतर किती? मी त्या भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. हिशोब केला — दहा हजार किलोमीटर. फोन करून सांगून टाकलं, एवढ्या लांब मी येत नाही. विषय संपला.

संपला कसला! मागून जावई बोलला, "बाबा, जग काय चादरीसारखं अंथरलंय का? नकाशावर नाही, डोक्यावर मोजा." डोक्यावर! आणि सांगतोय कोण, तर ज्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. हसताय काय? न्हाव्याच्या पोरीनं शोधला तोही टकला. पण खोटं बोलत नाही तो. हा दोरा बघा — कपाळावरून वळसा घातला तर एवढा. आणि टाळूवर चढून पलीकडं उतरलं तर? केवढा उरला! विमान टाळूवरून जातं म्हणे. जावयाच्या हिशोबानं पावणेसात हजार. गेले की नाही सव्वातीन हजार वाऱ्यावर!

थांबा, मानेला मशीन लावतो. तर नातू झालाय, वर्षाचा होत आला. केस डोळ्यांवर आलेत. लेक म्हणते, पहिली कात्री बाबांचीच, तोवर कोणी हात लावायचा नाही. बरं, त्या घरात फणीही नसेल, जावयाला लागते कशाला! पोरगं फोनवर बघतं ते गवतातून मांजरानं बघावं तसं. तिकिटाचं आज दुपारपर्यंत सांगायचंय, हो की नाही. मी आपला म्हणत होतो लांब आहे, लांब आहे — आणि निघालं जवळ! आता सांगायचं काय? म्हणजे बघा, विमान इथून उडतं, असं वर, टाळूवरून — अरे!

मशीन चालूच राहिलं की हो हातात!

तुम्ही हललात. नाही? मग काय — हात? कोण म्हणतं थरथरला? सकाळी होतं जरा. चहा घेतला की थांबतो. तुमचं काय, तुम्हाला मान सरळ धरा म्हटलं की धरता. एवढ्याशा पोराचा तो कान, तो वळवळणार, आणि माझ्या हातात कात्री — जाऊ द्या. लेकीपर्यंत जायला नको हे.

बसा, बसा! असे अर्धवट कुठं निघालात? आता मधून रस्ता पडलाच आहे, तर दोन्हीकडचं रान कशाला ठेवायचं? गोटाच करतो. वस्तऱ्यानं. तुम्ही बोलू नका, मीही बोलत नाही.

हं. झालं. फिरवा हात. ओरखडा आहे कुठं? मागं आरसा धरतो, कानामागं बघा. नीट बघा, मास्तर, माझं मन राखायला बोलू नका. नाही? दुसऱ्या कानामागं? तिथंही नाही.

वर्गात पोरं हसतील? हसू देत, आजवर रडवलीत ना! पैसे ठेवा खिशात. उठा आता, मला फोन करायचाय. आणि केस वाढले की दुसरा न्हावी बघा. दुकान बंद असेल.