मॅडम बोलायच्या थांबल्या तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, ऑपरेशन थिएटरमधले माझे सगेसोयरे, आणि उद्यापासून निवृत्त होणाऱ्या आमच्या सर्जन मॅडम,

मी भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हाच माझा व्यवसाय, तेव्हा भाषण लांबलं तर सांभाळून बसा.

थायरॉइडचं ऑपरेशन करताना मॅडम अखंड बोलतात. बहुधा जाऊबाईंबद्दल. जाऊबाई समोरच बसल्यात, त्यांनी रागावू नये. कारण मॅडम बोलताहेत तोवर आम्ही निर्धास्त. त्या थांबल्या की समजायचं, आवाजाची नस सापडत नाहीये.

माझ्या आईच्या गळ्यात गाठ निघाली. आई पोहायला शिकवते. तलावाच्या या काठावरून त्या काठाच्या पोराला दटावणं, हेच तिचं आयुष्य. तिने मॅडमना विचारलं, "आवाज गेला तर मी काय टॉवेल सांभाळत बसू?"

त्या दिवशी मॅडमनी मला भूल देऊ दिली नाही. "आज तू फक्त लेक आहेस. भिंतीपाशी उभी राहा."

ऑपरेशन सुरू झालं, मॅडमच्या गोष्टीतल्या जाऊबाई कपाट उघडणार, इतक्यात मॅडम गप्प झाल्या. ही नस खाली छातीत उतरते, वळसा घालते आणि श्वासनलिकेच्या कडेने वर येते. उजवीकडे ती तिथे नव्हतीच.

मदतीचे डॉक्टर म्हणाले, "ही आडवी रक्तवाहिनी दिसतेय. बांधून कापू?"

"नस दिसेपर्यंत काही कापायचं नाही."

भिंत किती गार असते, ते मला तेव्हा कळलं. मॅडम त्या आडव्या धाग्याभोवतीचा एकेक पदर सोडवत गेल्या. धागा थेट स्वरयंत्रात शिरत होता. तीच नस. खाली न उतरता मानेतूनच सरळ आलेली. क्वचित कुणाची असते अशी.

"मावशींना वळसे घालायची सवयच नाही," मॅडम म्हणाल्या. "हं, तर जाऊबाईंनी कपाट उघडलं..."

मी मास्कच्या आत रडले आणि हसलेही.

आई शुद्धीवर येताना मॅडम वाकून म्हणाल्या, "मावशी, लेक म्हणते तुम्हाला पोहता येत नाही."

"तिला येत नाही," आई म्हणाली. घोगरं, पण स्पष्ट. "अजून गुडघे वाकवते."

मॅडम, गुडघ्यांचं खरं आहे. पण ते ऐकताना मला जे वाटलं, त्याचे आभार कुठल्या शब्दांत मानू? आपण सर्वांनी...

काय गं आई? आवरतं घेऊ?

ऐकलंत ना? शेवटच्या रांगेतून, माइकशिवाय. माझ्याकडून काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर पोटात घाला. मॅडमसाठी याहून चांगलं भाषण मला जमणार नाही.