राहिलेल्या मुठी

दोन हजार चोवीसचा फेब्रुवारी, ज्वारी काढायचे दिवस. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी कणसं भरलीच नव्हती. आमच्या मंडळीतल्या बायका रोज स्वयंपाकाआधी ज्वारीची एक मूठ प्रभूची म्हणून डब्यात टाकतात आणि रविवारी चर्चमध्ये नेतात. मी बायकोला म्हणालो, "मार्था, ते बंद कर. घरातच न्हाय, तर प्रभूला कुठून?"

"एक मूठ तर हाय. तीबी माझ्या भाकरीतली."

"मग तुझ्या प्रभूलाच म्हणावं, घरी येऊन जेव."

तिनं डबा उपडा घातला. त्यानंतर ती चर्चमध्ये रिकाम्या हातानं जायची आणि सगळ्यात मागं बसायची. नाताळाच्या आधी ती वारली.

पुढच्या काढणीला ज्वारी बरी झाली. डबा उपडा झाल्यापासून ती जाईपर्यंतच्या एकेका दिवसाची राहिलेली मूठ मी मोजून गोणीत टाकली. माझी मूठ तिच्यापेक्षा मोठी, तरी हात आखडला नाही. गोणी चर्चमध्ये नेली.

पाळक म्हणाले, "काका, एवढं दान?"

"दान न्हाय. मार्थाचं हाय. म्या अडवलेलं."

"अहो, प्रभू असला हिशेब ठेवत नाही."

"म्या ठेवलाय."

गोणी वेदीपुढं रिकामी केली आणि घरी आलो.