फ्लॉसीच्या किटला विचार

हॅलो?… हो, चंदनसारांचंच घर… अगं ॲनी, मी विनयाच बोलतेय, काकू काय म्हणतेस!… आवाज बदललाय? बदलणारच. नववीत आलोय आपण. परवा आख्ख्या प्रार्थनेसमोर माइकवर बोलले मी, विसरलीस?

बोल… नाही गं, रागावले नाहीये… नाही म्हटलं ना! रागावलेली माणसं फोन उचलतात का?

मला फक्त एवढंच कळलं, की काल शाळा सुटल्यावर तू फ्लॉसीकडे गेली होतीस… कुणी सांगितलं ते सोड… नुसतं किट बघायला? दोन तास? दोन तासांत मी आख्खं घर उभं करते, खिडक्यांसकट!

हो, हो, माहितीये. तिच्या डॅडींनी कुवेतहून आणलंय. मॉडेल बनवायचं खास किट, लाल पेटी, आत मखमल… ॲनी, वर्गातल्या भिंतींना पण पाठ झालंय ते. लोपीस सरांनी तर बाळाला घेतात तसं हातात घेतलं. “हत्यारं असावीत तर अशी!” आणि हे म्हणताना बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! गेल्या वर्षी आपण स्टेशन केलं, पुलासकट, तेव्हा नाही सुचलं त्यांना व्वा म्हणायला.

काय?… कौलं? मी कौलं कशी करते ते फ्लॉसी विचारत होती?… मग किटला विचार म्हणावं! मखमलीत शोध म्हणावं, असतील कुठेतरी!

मी नाही सांगणार… अगं, त्यात आहे काय एवढं? खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवायचा, पाच मिनिटांनी सोलायचा. आत पन्हाळ्याच पन्हाळ्या! वर गेरू फासला की झालं छप्पर. तुला येतं की हे, दोन खोकी तूच सोलली होतीस… काय? सांगून टाकलं मी?… बरं, सांगितलं तर सांगितलं. कौलं शिकून कुणी विनया होत नाही.

करवत?… ती पण विचारली? पप्पांच्या हॅक्सॉचं तुटलेलं पातं, मुठीला सायकलची जुनी ट्यूब. तिच्या नाजूक करवतीने बांबूची काडी कापून दाखव म्हणावं, बघू दात राहतात का. आणि चिकटवलं की धरून कोण बसतं? कपड्यांचे चिमटे लावायचे नि जेवायला उठायचं. बारीक भेगेत गोंद घालायला सुई काढलेली सिरिंज… आई, आले! दोनच मिनिटं! ॲनी आहे!… हो, तीच, कुवेतवाल्यांची मैत्रीण!

नाही, तुला नाही म्हटलं… बरं, तुलाच म्हटलं.

ऐक ना, तिच्या मॉडेलमध्ये मेंढरं आहेत म्हणे? खरंच? ती नाताळच्या गोठ्यातली, प्लास्टरची?… अगं बाई! पन्नासाला एक या मापात मेंढरू घराच्या पत्र्याला टेकलं असेल! आणि वटार गावच्या वाडीत मेंढरं कुठून आली, केळी खायला? एवढं महागाचं किट आणि त्यात साधी मोजपट्टी नव्हती का गं?… हसलीस! हसलीस ना? मग तिच्याकडे कशाला जातेस?

पाण्याचं मात्र नाही हं सांगायचं. शपथ घे… आपल्या बावखलाचं पाणी, ॲनी. वाडीतलं तळं असं दिसलं पाहिजे, की परीक्षकांना आत बोट घालून बघावंसं वाटेल. जुना एक्स-रे ब्लीचमध्ये टाकला, काळं सगळं उतरलं, निळसर काच राहिली, खाली शेवाळी रंगाचा कागद. हे कुणाच्या बापाला सुचलं नसतं… आणि एक्स-रे कुणाचा होता? तुझा! तुझ्या मोडलेल्या मनगटाचा. तुझी हाडं बादलीत विरघळत होती आणि आपण दोघी हसून लोळत होतो. मग ते पाणी तिला कसं देशील तू?

हे बघ, सरळ सांग. उद्या पहिल्या तासाला सरांना नावं द्यायचीत. तालुक्याच्या प्रदर्शनाला एका मॉडेलमागे दोघीच. मी कार्डावर ‘विनया आणि ॲनी’ लिहून ठेवलंय. शाईने. आता खोडू का? एकदाच सांग, मला चालेल… नाही चालणार, पण तू सांग.

ॲनी?… अगं, रडतेस काय? रडायचं मी ना?

काय?… हळू बोल, हुंदके देत बोललीस तर मला काही… फ्लॉसीला तू नकोच आहेस?… मग कोण?

मी?

मी!… थांब, थांब. म्हणजे दोन तास ती तुला माझंच विचारत होती?… विनयाला काय आवडतं, विनया ‘हो’ म्हणेल का… आणि तू काहीच सांगितलं नाहीस? कौलंसुद्धा नाही?… आणि मी इथे तुला…

उद्या येणार आहे? माझ्याकडे? प्रार्थनेआधी, पेटी घेऊन?… मग तू तिला काय म्हणालीस?… “विनया नाहीच म्हणेल.”

हो ना. बरोबर बोललीस. नाहीच म्हणणार… प्रश्नच नाही. बावखल तुझ्या आजोबांचं, मनगट तुझं, नावं शाईने लिहिलीत. मी काय तिच्या पेटीला भुलणारी आहे का?

हो गं, ऐकतेय… हो… हो…

ॲनी, ऐक ना… असंच विचारते हं, काही नाही… त्या पेटीत सेलवर चालणारं बारीक ड्रिल आहे म्हणतात, ते खरंच फिरतं का गं?

हॅलो?… ॲनी?

अगं, मी नुसतं विचारलं… हॅलो?