बंब सगळं खातो

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपल्या घरचा केर शेजाऱ्याच्या दारात टाकला, तर पाप लागतं की नाही?

लागतं! वा! किती पटकन बोललात. मागच्या रांगेतल्या आजोबांनी तर झोपेतच मान हलवली. बरं, आता दुसरा. तोच केर आपण आपल्याच अंगणात पेटवला आणि त्याचा धूर शेजाऱ्याच्या दारात गेला, तर?

का हो? गप्प का झालात? आता टाळ वाजवावेसे वाटायला लागले, होय ना?

आणि हो, मंडपाबाहेर एक जीप मघापासून घरघरतेय. कुणाची ते मला माहीत नाही. तिच्याकडं मागून बघू. आधी एका नानांची गोष्ट ऐका. तुमच्या गावची नाही बरं का! तुमच्या गावात असं कुणी नसतंच. ही वांगरवाडीची.

वांगरवाडीत यशवंतनाना म्हणून एक माळकरी गृहस्थ होते. गळा कसा? पहाटे देवळात काकड्याला नानांनी पहिली भूपाळी उचलली, की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून ऐकायची. आणि माणूस सोवळा किती? अंघोळ केल्याशिवाय नाना पाण्याला शिवत नसत. आता पाण्याला शिवायचं नाही तर अंघोळ कशी करायची, ते मला विचारू नका. ते नानांचं नानांना ठाऊक.

त्या अंघोळीसाठी अंगणात बंब होता. तांब्याचा! चिंच लावून घासलेला, तोंड बघावं असा लखलखीत. मधे जाळाची नळी, भोवतीनं पाणी, खाली जाळी, पुढं तोटी. ज्यांच्या घरी गिझर आलाय त्यांनी शेजारच्या आजींना विचारा, त्या सांगतील.

आणि या बंबात नाना काय जाळायचे? लाकूड? छे! फाटकी चप्पल. सायकलची ट्यूब. खताची प्लॅस्टिकची पोती. दुधाच्या पिशव्या. नातवाचा खेळण्यातला मोडका ट्रॅक्टर — लाल रंगाचा, त्याची चाकं जळेपर्यंत नातू रडला, मग तोही विसरला. नाना छाती काढून सांगायचे, "आमच्या घरात कचरा म्हणून नाहीच. बंब सगळं खातो." गावानं काय करावं? गावानं आपल्या फाटक्या चपला नानांच्या ओट्यावर आणून ठेवायला सुरुवात केली. देवळाच्या दारात नाहीत इतक्या चपला नानांच्या दारात!

नानांची बायको अनुसयाकाकी. जीभ अशी, की सुपारी कातरायला अडकित्ता लागायचा नाही. ती म्हणाली, "अवो, चपला जाळून माणूस सोवळा कसा हुतोय?"

नानांनी बोट वर केलं. "अग्नी सगळं पवित्र करतो. शास्त्र आहे."

कुठल्या शास्त्रात चपला आहेत ते नानांनी काही सांगितलं नाही. आमच्या शाळेच्या शास्त्रात मात्र आहेत! त्यात म्हटलंय, की रबर नि प्लॅस्टिक जळलं म्हणजे नाहीसं होत नाही, बारीक होतं. इतकं बारीक, की नाकातल्या केसांना चुकवून थेट फुप्फुसात जातं आणि तिथं मांडी घालून बसतं. जावई तरी चार दिवसांनी उठतो. हा पाहुणा उठत नाही!

आता या बंबाचा धूर कुठं जायचा? नानांनी बंबाच्या डोक्यावर पत्र्याचं धुरांडं बसवलं होतं आणि वर त्याला एक वाकडं कोपर. कोपराचं तोंड कुठं? भिंतीपलीकडं, दत्तू मृदंग्याच्या अंगणात. हा दत्तू म्हणजे नानांच्याच भजनाला मृदंगावर साथ करणारा. त्याची म्हातारी आई गोदाक्का, तिला दमा. दिवाळीपासून म्हातारी देवळाची पायरी चढली नव्हती.

एकदा दत्तू भिंतीवरनं हळूच म्हणाला, "नाना, तेवढं कोपर वळवा की. आईला ढास लागली की थांबत न्हाई."

नाना म्हणाले, "वारं काय माझ्या बापाचं हाय, दत्तू? देव नेईल तिकडं जाईल."

खरंय. वारं देवाचं. पण मंडळी, पत्र्याचं ते कोपर काय देवानं बसवलं होतं?

म्हणा — विठ्ठल विठ्ठल. हळू का म्हणता? बंब आहे वाटतं घरी.

झालं असं, की माघातला सप्ताह आला तोंडावर. पहिल्या पहाटे वीणापूजन व्हायचं आणि काकड्याची पहिली चाल उचलायची यशवंतनानांनी. हा मान नानांच्या वडिलांपासूनचा. आणि नेमका तेव्हाच नानांचा गळा बसला! देवळात सराव चालला होता. नाना वरच्या सुराला गेले, आणि आवाज आला — कसा सांगू — तेल न घातलेल्या बिजागरीचा. सगळ्यांनी खाली बघितलं. एवढ्यात महिपती नावाचा तरणा पोरगा, नुकताच गायला लागलेला, तो अदबीनं म्हणाला, "नाना, वरचं मी धरू का?"

धरू का! नानांच्या काळजात काटा मोडला. त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही. ओट्यावर बसून राहिले. गावात आपल्याला नाना म्हणतात ते कशाच्या जोरावर? गळ्याच्या. गळा गेला तर मागं राहिलं काय? चपला गोळा करणारा एक म्हातारा.

मग सुरू झाले उपाय. ज्येष्ठमध झालं. खडीसाखर झाली. हळदीचं दूध झालं. कुणीतरी सांगितलं, गरम पाण्याच्या गुळण्या करा. आता गरम पाणी कुठून येणार? बंबातून! सकाळी एकदा पेटणारा बंब दुपारी पेटायला लागला, दिवेलागणीलाही पेटायला लागला. नाना पुढ्यात बसून एकेक चप्पल आत सारायचे, गळ्याला शेक बसावा म्हणून तोंड जाळीजवळ न्यायचे आणि गुळणी करायचे. खळखळखळ. माघाची थंडी! धूर वर चढेना, कोपरातून बाहेर पडून भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या अंगणांत घोंगडं पांघरून बसला. गळा आणखी बसला. मग नाना काय म्हणाले? "गुळण्या कमी पडतायत." घाल आणखी एक चप्पल!

हसता काय? डास चावतात म्हणून टायर पेटवणारे या मंडपात कुणीच नाहीत का? मी काही कुणाकडं बघत नाही. मी आपली छताकडं बघते.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी घसा बघितला, छातीला नळी लावली आणि विचारलं, "बिडी किती ओढता?"

नाना ताडकन उठले. "माळकऱ्याला बिडी विचारता व्हय?"

अनुसयाकाकी पदराआडून म्हणाली, "बिडी न्हाई वो डाक्टर. ह्ये अख्खा बंब ओढत्यात."

डॉक्टर म्हणाले, "काकी बरोबर बोलतायत. धूर बंद करा, गळ्याला विश्रांती द्या." नानांना पटलं का? नाही पटलं. एस्टीत बसल्यावर खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "कुणाची तरी दृष्ट लागलीय. महिपतीचीच असेल."

काकी काही बोलली नाही. आणि मंडळी, बायको बोलायची थांबली, की पुरुषानं सावध व्हावं!

वीणापूजनाच्या नैवेद्याला गव्हाची खीर लागते आणि तो मान नानांच्याच घरचा. आदल्या दिवशी नाना देवळातून आले, तर अंगणात तीन दगडांची चूल, चुलीवर पातेलं, आणि काकी पोत्यातून एक काळा बूट काढून चुलीत सारतीय.

नाना जागच्या जागी थांबले. "ह्ये काय चाललंय?"

"खीर."

"कसली खीर?"

"उद्याच्या निवदाची. दुसरी कसली आसंल?"

"आगं, देवाची खीर बुटाच्या जाळावर?"

"मग? अग्नी सगळं पवित्र करतोय न्हवं? शास्त्र हाय." असं म्हणून काकीनं दुधाची एक पिशवी चुलीत टाकली. भस्सकन काळा धूर उठला आणि पातेल्यावरनं फिरून नानांच्या तोंडावर आला. नानांना असा ठसका लागला, की डोळ्यांतनं पाणी.

"वास... वास येतोय खिरीला."

"यायचाच. धूर काय झाकण बघून जातोय?"

नानांनी पातेल्यात डोकावलं. खिरीवर काजळीचे बारके बारके काळे कण तरंगत होते. "आगं, ह्ये देव खाईल का?"

"देव कशाला खातोय? देवाची खीर आत ग्यासवर झालीया, झाकून ठेवलीया," काकी म्हणाली. "ह्ये पातेलं तुमच्यासाठनं हाय."

"मी खाऊ ह्ये?"

"रोज खाताय की. तिन्ही टाईम. फकस्त नाकानं खाताय म्हणून चव कळंना झाली." मग तिनं भिंतीकडं मान केली आणि आवाज खाली आणला. "आन तुम्ही निदान आपल्या हातानं वाढून घेताय. त्या गोदाक्कानं तुमच्याकडं पान मांडलं हुतं व्हय?"

भिंतीपलीकडनं तेवढ्यात ढास ऐकू आली. लांबलचक. थांबता थांबेना. नाना इतकी वर्षं तो खोकला ऐकत होते, भजनात मृदंग ऐकावा तसा, म्हणजे त्याच्याकडं लक्ष न देता. आज पहिल्यांदा त्यांनी तो शेवटापर्यंत ऐकला. मग ते चुलीपाशी गेले, बूट ओढून काढला, पाणी मारून जाळ विझवला. स्टुलावर चढले आणि धुरांड्याचं कोपर दोन्ही हातांनी उपसून खाली आणलं.

वीणापूजनाची पहाट उजाडली. बंब गार! नानांसाठी काकीनं गॅसवर एक पातेलंभर पाणी तापवलं होतं, त्यात उरकलं. एवढ्यात भिंतीपलीकडनं गोदाक्काची हाक आली, "यशवंता, जिता हाईस न्हवं? आज धूर दिसंना."

नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हाय गं, गोदाक्का."

"आवाजावरनं तर वाटत न्हाई," म्हातारी म्हणाली.

तुम्हाला वाटत असेल, आता नाना देवळात गेले आणि चमत्कार झाला, गळा खणखणीत! नाही हो. देव काही गळे रातोरात घासून देत नाही. तांब्याचा बंब चिंचेनं उजळतो, माणसाच्या गळ्याला चिंच चालत नाही. वीणापूजन झालं, सगळे नानांकडं बघायला लागले. नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग बापाच्या वेळेपासूनचा तो मान त्यांनी आपल्या हातानं पुढं केला. महिपतीकडं वळून म्हणाले, "वरचं तू धर."

आणि स्वतः टाळ घेऊन मागं उभे राहिले.

सप्ताहभर बंब पेटला नाही. चपलांची पोती भंगारवाल्यानं नेली. अंगणातला पालापाचोळा खड्ड्यात गेला, तो कुजून परसातल्या दोडक्याला उपयोगी पडला. गच्चीवर एक काळा पिंप चढला, दिवसभर उन्हात तापायला लागला, आणि नानांची अंघोळ पहाटेची दुपारी गेली. देव म्हणाला, चालेल. नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो म्हणतात, तसं नाना आता गावभर धूर हुंगत फिरायचे. कुणी पाचट पेटवलं, की काडी विझायच्या आत नाना हजर!

आणि काल्याच्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर कोण? दत्तूच्या खांद्याला धरून गोदाक्का! दिवाळीनंतर पहिल्यांदा. खांबाला टेकून बसली. दत्तूची थाप त्या दिवशी अशी पडली, की मृदंगालाही कळलं असेल. महिपतीनं वरचा सूर धरला, आणि खालच्या सुरात नानांनी हळूच आवाज मिसळला. फुटला नाही. थोडा खरखरला, पण टिकला.

भजन संपल्यावर नाना गोदाक्काच्या पाया पडायला वाकले. म्हातारी म्हणाली, "गळा बरा हाय. आजून थोडी राख हाय आत. निघंल."

नाना म्हणाले, "गोदाक्का, चुकलं माझं."

"माझ्या फुप्फुसाला सांग," म्हातारी म्हणाली आणि प्रसादाची खीर मागून घेतली. घेताना आधी वास बघितला!

तर मंडळी, माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. उत्तर तोंडानं नको. उद्या सकाळी तुमच्या धुरांड्यानं द्यावं, तुमच्या कचऱ्याच्या ढिगानं द्यावं. बंब सगळं खातो हे खोटं आहे. बंब काहीच खात नाही. तो फक्त वाढतो! पंगतीला कोण बसतं ते एकदा भिंतीवरनं डोकावून बघा.

आणि आता ती जीप. नानांचा बंब विझला, अख्खा सप्ताह झाला, काला झाला, आणि ही अजून घरघरतेय! तिच्या मागच्या बाजूला, कनातीला लागून, बाया लेकरं घेऊन बसल्यात. पाहुण्यांना निघताना खोळंबा नको म्हणून चालू ठेवली असेल. अध्यक्षकाका, तुम्ही उठू नका. ड्रायव्हरला नुसता हात करा. ड्रायव्हरदादा, किल्ली फिरवा.

...

आता मृदंगबुवा, एकच थाप द्या. एकच.

ऐकलीत? एवढी गोड थाप मघापासून इथंच वाजत होती. आपल्यालाच ऐकू येत नव्हती.

आता मोकळ्या गळ्यानं म्हणा — विठ्ठल, विठ्ठल.