बाजरीच्या कणगीतला खुनी

माझे नाव गोजरबाई, वय ६६ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, रा. निरगुडसर, ता. आंबेगाव, जि. पुणे. पतीचे नाव मी घेत नाही. महिला हवालदार उज्ज्वला मॅडम यांनी ते आधार कार्डावरून हौशीराम असे लिहून घेतले आहे.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, माझे पती गावातील जुने वाचनालय रोज संध्याकाळी उघडतात. पगार नाही, हौस आहे. तेथून आणलेली खुनाची कादंबरी आमच्या घरातून चोरीस गेली, अशी तक्रार त्यांनी काल दिली. सदर पुस्तक सापडले आहे. ते मीच घेतले आहे.

मला वाचता येत नाही. श्रावणात हे मला पोथी वाचून दाखवतात, एरवी कादंबरी, पण चाल तीच. मी समोर बसून 'हं' म्हणायचे. 'हं' चुकला की ते पान पुन्हा वाचतात. या कादंबरीत एका पडक्या वाचनालयात कपाटामागे ग्रंथपालाचा मुडदा सापडतो आणि नंतर पुस्तके आपोआप जागा बदलू लागतात. हे म्हणाले, "आपल्या वाचनालयावानीच हाय सगळं. फकस्त आपल्याकडं मुडदा न्हाई." मी म्हणाले, "तुमच्याबिगर तिथं येतंय कोण मुडदा पडाया?"

येत्या गुरुवारी यांचे पुण्यात हृदयाचे ऑपरेशन आहे. सोमवारी कादंबरीचा एकच अध्याय उरला. हे म्हणाले, "संपवून टाकू. उद्याचं कुणी बघितलंय? खुनी कळल्याबिगर गेलो तर जीव अडकून ऱ्हाईल." मला राग आला. डोके दुखते असे सांगून मी उठले.

माझी सासू सांगत असे की, आरंभलेली पोथी अर्धी ठेवून वाचणाऱ्याला जाता येत नाही; यमसुद्धा समाप्तीपर्यंत उंबऱ्याबाहेर बसतो. ही पोथी नव्हे, एवढे मला कळते. पण यांनी ती पोथीसारखीच वाचली आहे. म्हणून हे अंघोळीला गेले असता मी पुस्तक धुतलेल्या फडक्यात बांधून बाजरीच्या कणगीत ठेवले. बाजरीला कीड नाही.

करायला गेले एक आणि झाले भलतेच. वाचनालयाचे पुस्तक आपल्या हातून हरवले, ते मिळाल्याशिवाय ऑपरेशनला जाणार नाही, असे हे धरून बसले आहेत. म्हणून मी आपण होऊन ठाण्यात आले.

पुस्तक आज परत देणार का, असे मॅडमनी विचारले. नाही. ऑपरेशन होऊन हे घरी आले की पुरण घालीन, मग समाप्ती होईल. मॅडमनी ही कादंबरी कॉलेजात वाचलेली आहे. त्यांनी खुनी कोण ते यांना सांगू नये.

माझा यांच्यावर फार जीव आहे. हे मी यांना कधी सांगितलेले नाही.

मॅडमनी जबाब मला अखेरपर्यंत वाचून दाखवला. मी दर वाक्याला 'हं' म्हटले. मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून अंगठा देते. हे बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना वाचून दाखवायचा झाल्यास 'पुस्तक सापडले आहे' इथवरच वाचावा. उरलेला ते पुण्याहून परत आल्यावर.