मांडीवरचे भुंगे

मोहोळहून सोलापूरला निघालेल्या एसटीत भीमाआबा भुंगे पडलेल्या तुरीची बरणी मांडीवर सांभाळून बसले होते. शेजारी त्यांची नात पायल. मागच्या सीटवरच्या हुस्ना नावाच्या अनोळखी प्रवासी बाईला दोघांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"जल्मभर भुंगा मारला मी. तुरीला राख लावली, लिंबाचा पाला घातला. आन् आता त्यालाच मांडीवर घिऊन चाललोय की!"

"हळू धरा, आबा. कॉलेजात प्रयोगासाठी जिवंत पोचायला पाहिजेत."

"कुटले म्हनायचे ह्ये?"

"माद्या आपल्या घरच्या, नर वैरागच्या तुरीतले."

"लांबची सोयरीक! मग, फरक पडला?"

"बरणीतल्या बरणीत वाढले तेव्हा अंडी कमी व्हायची, कितीतरी अळ्या दाण्यातच मरायच्या. बाहेरचे नर सोडल्यावर अंडी वाढली, भुंगेही लवकर बाहेर पडले."

"म्हंजे आपली तूर लवकर संपवनार."

"म्हणून तर अभ्यास करायचा. पुढच्या पिढीत काय होतंय, ते अजून बघायचंय."

"व्हय. पायल, तुजी आत्या तुला तिच्या शिवराजसाठी मागतीया."

"माहीत आहे."

"तुज्या मनात न्हाय ना?"

"शिवराज चांगला आहे, आबा. पण मी त्याला राखी बांधत मोठी झाले."

"मग बोलली का न्हाईस?"

"आत्या रुसेल. तुमची एकुलती एक लेक."

"रुसू दे. तिची समजूत काडायला मी हाय की."

"काय सांगणार? हे भुंग्यांचं?"

"छ्या! भुंग्याचं कशाला? माज्या नातीच्या मनात न्हाय, येवढं बास हाय."