बयाबाईंच्या दाराचं कुलूप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कर्मचारी संघटनेचे आण्णा. व्यासपीठावर विराजमान झालेले आपल्या प्रभागाचे दोन उमेदवार, माननीय विजयसिंह आणि माननीय संयोगिताताई. घरकुल विभागातले माझे सहकारी. आणि चहा कधी येतोय म्हणून सारखं मागं वळून बघणारे माझे सर्व हितचिंतक हो!

निवृत्तीच्या सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिलोय. फेटा जरा घट्टच बांधलाय, तेव्हा डोक्यात आहे ते बाहेर पडणार. कालपर्यंत या गणपतरावाला नोकरीमुळं बोलता येत नव्हतं. आज मी मोकळा हाय.

दोन्ही उमेदवारांनी माझ्याबद्दल दोन-दोन वाक्यं आणि घरांबद्दल वीस-वीस मिनिटं काढली, त्याबद्दल मी ऋणी आहे. विजयसिंह म्हणाले, शहराचं परवडणाऱ्या घरांचं उद्दिष्ट दोन हजार आहे, ते दहा हजार करू. टाळ्या! ताई उठल्या. दहाच का? पंधरा हजार करू! डबल टाळ्या! आण्णांनी मध्येच घंटी वाजवली म्हणून, नाहीतर शिरोळ-हातकणंगल्यासकट सगळा जिल्हा पाच मिनिटांत पक्क्या घरात गेला असता.

मंडळी अभ्यासू आहेत बरं का. मघाशी मी ताईंना हळूच विचारलं, तुमच्या कॉलनीमागं मोकळी सरकारी जागा हाय, तिथनंच सुरुवात करूया की? त्या म्हणाल्या, "तिथं नको हो गणपतराव, तिथं मुलं खेळतात." ती जागा मी स्वतः मोजलीय. तिथं अकरा मोटारी खेळतात. विजयसिंहांचं मत पडलं की नदीकाठाला बांधा, जागा भरपूर आहे. आहेच की! पावसाळ्यात पाण्यालासुद्धा तीच पुरते. साहेब, उद्दिष्ट वाढवायला जागा लागत नाही, घराला लागते.

पण तुम्हाला हसणारा मी कोण मोठा लागून गेलो? माझाही पराक्रम ऐका.

आमच्या कचेरीत चहा करतात त्या मावशी. रिंग रोडच्या मागं पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहतात. पाणी चढलं की भांडीकुंडी घेऊन शाळेत मुक्काम. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी घरकुलाला अर्ज केला. पाहणी माझ्याकडं. नियम असा, की अर्जदार घरात समक्ष दिसला पाहिजे. मी भर दुपारी गेलो, तर दाराला कुलूप. मारला शेरा, "अर्जदार सदर ठिकाणी राहत नाहीत." तसाच कचेरीत आलो, घामाघूम. खुर्चीत बसतोय तोवर मावशींनी चहा आणून ठेवला. पिताना म्हटलंसुद्धा, "मावशी, कोण बयाबाई हाय बघा, घर मागती आणि घरात राहत न्हाय." मावशी किटली उचलून पुढच्या टेबलाकडं गेल्या. पुढं नामंजूर अर्जांची यादी लागली, मावशी तिच्यासमोर उभं राहून रडायला लागल्या, तेव्हा मला कळलं की बयाबाई त्याच. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो, नाव कुणी विचारलंच नव्हतं. त्या घरात दिसणार कशा? मला चहा करायला त्या सकाळपासनं कचेरीत होत्या!

लाज वाटते मला. सरळ सांगतो. शेरा मारायला एक मिनिट लागलं आणि तो खोडायला नऊ वर्षं गेली. फेरपाहणीचा हुकूम हातात पडला तो परवा. पथक आज पाच वाजता त्यांच्या दारात जाणार. आज दार बंद दिसलं, तर अर्ज कायमचा निकालात. मी त्यांना दहादा बजावलंय, मावशी, आज उंबऱ्यातनं हलायचं न्हाय. म्हणून त्या आज इथं नाहीत, आणि त्या नाहीत याचाच मला…

थांबा. ते दारात ट्रे घेऊन कोण उभं हाय? मावशी? अहो, तुम्ही हितं काय करताय?

मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू दे. "आण्णांनी सांगावा धाडला की. म्हणाले, साहेबांचा निरोप हाय, दीडशे माणसांचा चा दुसरं कोण करणार? तुमचं नाव काढल्यावर मला न्हाय म्हणवंना. कुलूप घालून आले."

आण्णा! आता काय बोलू तुम्हाला? खाली काय बघताय, घड्याळात बघा. पाचला वीस मिनिटं हायत.

विजयसिंह, तुमची प्रचाराची गाडी दारातच हाय. भोंगा बंद करून या बाईंना तेवढं घरी सोडता? काय म्हणता, आचारसंहिता? बरं. ताई, तुम्ही? कोपरासभा हाय, व्हय. पंधरा हजार घरांवर बोलायचं असणार. बोला, बोला. एका बाईला तिच्या घरात पोचवणं तुमच्या उद्दिष्टात बसत नाही, हे आज भर सभेत समजलं, फार बरं झालं.

मावशी, तो ट्रे आण्णांच्या हातात द्या. देतील ते चहा, हात हायत त्यांना. माझी स्कूटर खाली हाय, फेट्यासकट निघतो.

मंडळी, आलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. नऊ वर्षांची माफी तुमच्याकडं मागून उपयोग न्हाय, ती मी स्कूटरवर मागतो.